मावशीने लावलेला भाव

बोहारीण मावशीला जगातली कुठलीच वस्तू चांगली दिसत नसे. कोरं पातळ पुढे केलं तरी ती ते उजेडाकडे धरून म्हणे, "इरलंय की." जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत ती सोमाटण्यापासून आमच्या वराळ्यापर्यंत पायी फिरायची. तिच्याशी घासाघीस करताना मी इतकी भांडायचे की शेजारणी ऐकायला जमायच्या.

एकदा मी भांडले नाही. तिने मागितली ती दोन्ही पातळं निमूट दिली. मावशीने पाटी खाली ठेवली, माझा हात धरला आणि बांगड्यांच्या वरचे वळ पाहिले. "कवापास्नं?" एवढंच तिने विचारलं.

तोवर मी सगळीकडे जाऊन आले होते. पोलीस पाटील म्हणाले, नवऱ्याला घेऊन ये आणि त्याच्यासमोर सांग. चौकीतल्या जमादाराने हाड मोडलंय का विचारलं. नाही म्हटल्यावर, मोडलं की या, म्हणाला. पुण्यात बायकांचा एक आश्रम होता. तिथल्या बाईंनी प्रेमाने चहा दिला आणि नवऱ्याची लेखी संमती आणायला सांगितली. मारतो म्हणून निघालेल्या बाईने मारणाऱ्याचीच चिठ्ठी आणायची? हे मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर त्यांनी वहीत माझ्या स्वभावाबद्दल काहीतरी लिहून घेतलं.

मावशीने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नवरा ओट्यावर बसलेला असताना ती आली आणि मला नखशिखांत न्याहाळून त्याला म्हणाली, "भाऊ, ही कशाला ठिवलीय? पार उतरलीया."

तो चमकला. "काम करती की."

"हळू करत आसंल."

"हळू? समदी भातलावणी एकटी वढती. भाकरी तर अशी पातळ थापती, की बास."

आठ वर्षांच्या संसारात त्याने केलेलं हे माझं पहिलं कौतुक. मी दाराआड उभी राहून, वेड्यासारखी, आणखी काही म्हणतो का याची वाट पाहत होते.

मावशी मान हलवत राहिली. हिचं तोंड गावभर ऐकू जातं; असली बाई घरात असताना तुला दुसरी पोरगी कोण देणार, असं तिने विचारलं. तिथे तो सावरून बसला. तिने पाटीतून झाकणाचा एक डबा काढला. हिला आश्रमात धाडायला हरकत नाही, असं लिहून दे आणि डबा घे. त्याने झाकण लावून पाहिलं. वर एक वाटी मागितली. ती मावशीने दिली नाही. मग शाळेच्या मास्तरांकडून चिठ्ठी लिहून आणून त्याने तिच्यावर सही केली.

पुण्यापर्यंत एसटीत मी मावशीशी भांडत होते. मला एका डब्यावर काढली? पाटीत चांगला हंडा होता, तो का नाही पुढे केला? तिने सगळं बोलू दिलं. आश्रमाच्या फाटकाशी आल्यावर चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबत ती म्हणाली, "हंडा काढला आसता तर तू किमतीची हायेस हे त्याला कळलं आसतं. मंग सोडली आसती व्हय त्यानं?"

मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. लोणावळ्यात आज माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे. त्या दिवशी तिचंच बरोबर होतं, हे मी कुणापुढेही कबूल करीन. तरी एक डबा म्हणजे कमीच झालं.