मशीनमधला मानसिंग

उंब्रजचा मानसिंग फौजेतून सुटून आला आणि सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागला. माणूस इतका भिडस्त, की कुणाला नाही म्हणायचं तर जिवावर यायचं. सकाळी स्वतःचा पासवर्ड टाकून तो कोपऱ्यातलं मशीन चालू करी, मग ऑफिसातले लालासाहेब, आकाराम, जो येईल तो तिथं बसून आपलं काम उरकी. पाणवठ्यावर कुणी नाव विचारतं का?

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्षमा मॅडमनी एक प्रोग्राम केला. नेटवर्कवर कोण कधी येतो, काय उघडतो, टायपिंगला किती चुकतो, हे पाहून तो शिकायचा आणि कुणी वेगळं वागलं की घुसखोर म्हणून बोंब ठोकायचा. तो शिकून तयार झाला आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं : ज्याचा त्याचा पासवर्ड, दुसऱ्याला दिला तर नोकरी गेली. सगळे आपापल्या जागी गेले. दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम ओरडला, मानसिंगच्या नावानं कुणी परका शिरलाय.

मानसिंग चक्रावला. खुर्चीत तर तोच होता. मॅडमनी समोर बसवून काम करायला लावलं, तरी परकाच. सावकाश टाइप केलं, चष्मा पुसून केलं, परकाच. मॅडमचंही डोकं चालेना. प्राचार्यांनी त्याच्या कायम होण्याची ऑर्डर अडवून ठेवली आणि खुलासा मागितला.

विचार करून करून त्याला उमगलं. बोलावं तर पासवर्ड वाटल्याचा गुन्हा, न बोलावं तर आपण चोर. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मॅडमना एकटं गाठून म्हणाला, "मॅडम, मशीन शिकलंय त्यो मानसिंग म्हंजी आमी पाच जणं हाय. आता मी एकलाच बसतोय, तर त्याला वळख पटंना."

मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या, शिकवताना चूक माझीच झाली, पुन्हा शिकवते. महिनाभर त्या खुर्चीत दुसरं कुणी बसायचं नाही, एवढीच अट.

लालासाहेब स्वतःचा पासवर्ड विसरून नेहमीसारखा आला, पाच मिनिटं ऊठ म्हणाला. मानसिंगला उठावंसं फार वाटलं.

"न्हाई गड्या," तो खाली बघून म्हणाला.

लालासाहेब मागं फिरला. महिन्यानं प्रोग्राम शांत झाला, ऑर्डर हातात पडली. मानसिंग पेढे घेऊन ऑफिसात गेला. लालासाहेबानं अर्धाच पेढा मोडून घेतला.

"अभिनंदन, मानसिंगराव," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मानश्याशिवाय दुसरी हाक निघाली नव्हती.