विमानाच्या पोटावरची चार भोकं

चौकातल्या चौथऱ्यावर ठेवलेल्या जुन्या लढाऊ विमानापाशी आम्ही विमानवेडे रविवारी जमतो. परवा एक अनोळखी म्हातारे आले आणि विमानाच्या पोटावरच्या चार रिकाम्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. मला लगेच संशय आला. हा माणूस काय उचकटायला आलाय?

आपल्या हातून जे घडलेलं असतं, तेच दुसऱ्याच्या हातून घडणार, असं वाटत राहतं. विमानावर एवढा जीव असूनही आम्ही एकमेकांच्या हातांकडे तिरकंच बघतो.

"इथली नंबराची पट्टी कुठल्या चोरानं नेली हो?" म्हातारे म्हणाले. "मी या विमानाचा मेकॅनिक होतो."

"आमच्यातलाच असणार एखादा दर्दी!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. इतकी वर्षं मीही हसत आलो होतो. या वेळी जमलं नाही.

"काका, मीच काढली. माझ्या घरी आहे."

हसणं थांबलं. म्हाताऱ्यांनी मात्र चटकन विचारलं, "घासलीबिसली नाहीत ना? बसवताना आम्ही तिघांनी मागं नावं लिहिली होती. त्यातला आता मीच उरलोय."

मागं काहीतरी काळपट होतं खरं. ते मी पहिल्याच दिवशी घासून लख्ख केलं होतं. तेही त्यांना सांगितलं.