पोराला मी दीड वर्षानं मोठं केलं

माझा नातू चेंडू असा फेकतो की झेलणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात. बेसबॉल म्हणतात त्या खेळाला. मला त्यातलं काही कळत नाही. पण परवा क्रीडा वसतिगृहाची निवड होती, आणि ज्याला कळतं म्हणतात त्या निवडीच्या साहेबानं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं.

त्यानं पोराचे तीन चेंडू बघितले. मग जवळ बोलावून मनगट चाचपलं, खांदे दाबले, ओठावर बघितलं. बाजारात बैलाचे दात बघतात तसं.

"दाखल्यावर चौदाला टेकलाय आणि अजून मिसरूड नाही. याची वाढ झाली तेवढी झाली."

आणि घेतला कुणाला, तर दाढी करून आलेल्या एका दांडग्याला. त्याचा चेंडू भलतीकडंच जात होता. अंग भरलंय म्हणून घेतला.

मी म्हणालो, "सायेब, दाखला खोटा हाय. पोराला बारा हायेत. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ह्याच्या आजीनं ह्याची नाळ कापलीय."

"हितं येणारा प्रत्येकजण हेच सांगतो आजोबा. कागद आणा, न्हायतर आजीला आणा."

चारजण हसले. आजीला जाऊन चार महिने झालेत. हसणाऱ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण द्यायची तर पहिली माझ्याच.

लेक-जावई ऊसतोडीला. पोर श्रीपूरला साखर कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत जन्मलं, बाळंतपणाला बायको तिथं गेली होती, पण नोंद कुणी केली नाही. मग ते आमच्याकडं आलं. आम्ही दोघं टॉवेलच्या कारखान्यात, दिवसभर त्याला बघणार कोण? साडेचार वर्षांचं असताना शाळेत नेलं. गुरुजी म्हणाले, "सहा पूर्ण पाहिजेत. एक जून टाकू?" आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा. मी म्हणालो, "टाका."

बायको शाळेच्या दारातच भांडली. "पोराचं वय चोरू नका. जल्मभर दांडग्या पोरांत हुबं ऱ्हावं लागंल त्याला."

"तुला काय कळतंय? गप बस."

तिला कळत होतं. वसतिगृहात चौदापर्यंतचीच पोरं घेतात, आणि पुढच्या साली दाखल्यानं पोर चौदाच्या वर जातंय. परवाची निवड ही शेवटचीच होती.

मैदानातनं बाहेर पडल्यावर पोरानं विचारलं, "आजी दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी शिरा करायची, तो माझा व्हय?"

"व्हय."

"मला वाटायचं देवाचा हाय." थोडं चालला. "मग मला कुणी सांगितलं का न्हाय?"

"ती सांगणार हुती. मीच सांगू दिलं न्हाय. शाळेत तुझ्या तोंडातनं निघंल म्हणून."

त्यानं हातातला चेंडू माझ्या हातात ठेवला आणि पुढं निघून गेला. चेंडू घेऊन मी मागनं चाललो. थांब कुठल्या तोंडानं म्हणणार?