नवसूच्या अंगातला देव

मी जव्हारची अनीसा, बांगडीवाली. मोखाड्याच्या बाजारात बसते, बाजार नसला की टोपली घेऊन पाड्यांवर फिरते. पुष्कळ माणसं बघितली, पण चौऱ्याहत्तर साली रखमीच्या नवऱ्याचं जे झालं ते आठवलं की अजून डोकं सुन्न होतं.

रखमी एका पाड्यावरची, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तिचा नवरा नवसू लाकूडतोडीला जायचा. कामाला वाघ, पण मोहाची दारू त्याला पाण्यासारखी लागायची. पुढे डोळे पिवळेजर्द झाले, पोट फुगलं, काम सुटलं. पाड्यावर कोणी त्याला जवळ बसू देईना. रखमीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तेव्हा कुठे त्याची दारू सुटली.

आणि दोनचार दिवसांत त्याचे हात थरथरायला लागले. मग खांदे, मान, पापण्यासुद्धा. लोक म्हणाले, नवसूच्या अंगात वारं आलं. कालपर्यंत त्याला हाडतूड करणारी माणसं आता त्याच्या पायाशी बसून हरवलेली म्हैस कुठे सापडेल ते विचारत होती. काय बोलावं माणसाने? पाड्याच्या म्हाताऱ्या भगताने स्पष्ट सांगितलं, "हा देव नाय, दुखणं आहे. दवाखान्यात न्या." त्याचं कोणी ऐकलं नाही.

मी गेले त्या दिवशी नवसू बोलता बोलता ताठ झाला, तोंडाला फेस आला. लोकांनी हात जोडले. मी भडकलेच. "अरे, माणूस मरतोय आणि तुम्ही नारळ कसले फोडताय?" रखमीला दंडाला धरून उठवलं. लाकडाचा एक ट्रक जात होता, त्यात घालून आम्ही दोघींनी त्याला जव्हारला आणलं.

डॉक्टर म्हणाले, दारूने लिव्हर खराब झालंय, आणि इतक्या वर्षांत अंगातलं मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून गेलंय, दारू सुटली तरी ते भरून आलेलं नाही. तो एक क्षार असतो, तो कमी पडला की हातपाय थरथरतात, झटके येतात. रक्तात किती उरलाय ते मोजायची सोय इथे नाही, पण लक्षणं तीच आहेत. मग सलाईनमधून त्यांनी तो दिला, आणि हळूहळू नवसूचे हात शांत झाले. निघताना त्यांनी रखमीला बजावलं, "गोळ्या रोज द्या. हा पुन्हा प्यायला तर सगळं परत वाहून जाईल, पुन्हा थरथर सुरू होईल. मग मी वाचवू शकणार नाही."

मला केवढा आनंद झाला. रखमी मात्र सारखी त्याच्या हातांकडे बघत होती. मला वाटलं, बिचारीचा विश्वास बसत नाहीये.

पुढच्या खेपेला पाड्यावर गेले तर अंगणात ही गर्दी. मधोमध नवसू, पोट टम्म फुगलेलं, हात लटलट कापताहेत. आणि रखमी, शपथ घालणारी रखमी, त्याच्यासाठी पेला भरत होती. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले.

"रखमे, डॉक्टर काय बोलले होते तुला?"

"तेच तं करते, बाय," ती म्हणाली. "प्याला की थरथर येते, त्यांनीच सांगितलं. बरा होऊन आला तं कोनी दारात उभा नाय राहिला. आता तांदूळ आणतात."

मी नवसूकडे वळले. तो पूर्ण शुद्धीवर होता.

"बाय, जलमात पयल्यांदा लोकं मला काय काय इचारतात," तो हसून म्हणाला.

पेल्यासाठी त्याने स्वतःच हात पुढे केला. हात इतका कापत होता की रखमीला पेला धरून त्याच्या ओठाला लावावा लागला.