पाण्याकडे पाठ करून बसणारे मामा

साऱ्या चाकण पट्ट्यात मासे धरायला शिकवणारा आणि आयुष्यात एकही मासा घरी न आणलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, याला नशीब म्हणतात. हे आमचे मामा दर रविवारी चिखलीच्या आमच्या सोसायटीतली पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली गोळा करतात आणि महाळुंग्याला, कंपन्यांच्या मागे पाणी साचून राहिलेल्या जुन्या दगडखाणीवर घेऊन जातात. घेऊन जातात म्हणजे माझ्या गाडीतून. आठवडाभर शिफ्ट करून रविवारी तरी लोळावं म्हटलं, तर उजाडायच्या आत हे दारात उभे. "उठा जावई, पाणी जागं झालं," म्हणायचं आणि बूट घालायला लावायचं.

खाणीवर पोचलं की मामा आधी प्रत्येक पोराच्या कमरेला दोरी बांधणार आणि सगळ्या दोऱ्यांची टोकं एका बाभळीला. एकदा शेजारच्या कंपनीचा वॉचमन हे बघून धावत आला. "ओ बाबा, लेकरं बांधून कामून ठेवलीत?" मामा शांतपणे म्हणाले, "आई-बापांनी मोजून दिल्यात. मोजून परत द्यायच्यात." मग त्याच्याच हातात एक काठी दिली आणि शेजारी बसवून घेतलं. तो मराठवाड्याचा माणूस तास-दीड तास पाण्याकडे बघत गावाच्या आठवणीत असा काही बुडाला, की तिकडे गेटवर सुपरवायझर त्याच्या नावानं ठणाणा करतोय याचा त्याला पत्ताच नव्हता.

बरं, काठीला गळ असावा की नाही? नसतोच. पहिले कितीतरी रविवार नुसती बांबूची काठी, दोरा, मोरपिसाच्या देठाची तरंगी आणि टोकाला कणकेचा गोळा. कणकेत हळद, हिंग आणि किंचित गूळ. ती मळून झाली की मामा स्वतः चिमूटभर खाऊन बघतात. "आपल्याला गोड लागंना, ते दुसऱ्याला कसं घालायचं?" खाणीतले चिलापी मासे हे पक्वान्न खाऊन खाऊन चांगले गुबगुबीत झालेत. मी एकदा म्हटलं, "मामा, यात मासा अडकणार कसा?" तर म्हणाले, "अडकवायचं मागनं बघू. आधी दोऱ्याला वढ बसली, की हाताला कळाया पायजे. गळ काय, दुकानात मिळतो."

आणि सगळ्यात कहर म्हणजे मामा पाण्याकडे पाठ करून बसतात. समोर पोरांची रांग, मागे पाणी. तरंगी बुडाली, मासा उसळला, यांना गंध नसतो. शेवटी मी चिडून विचारलंच, तर मामा लाजले. सत्तरीचा माणूस, पण खरंच लाजले. म्हणाले, "पाण्याच्या आतनं पयल्यांदा कुणीतरी आपला दोरा वढतं ना, तवा पोराचं तोंड बघायचं असतं. ते तोंड पुन्हा न्हाई व्हत. मासं काय, हायतच." तेव्हा कुठे मला कळलं, की हा माणूस रविवारच्या रविवार खाणीवर काय धरायला जातो.

मागच्या वर्षी मामांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. घरी येताना गाडीत मामा काच खाली करून लांबच्या डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी डोंगार दिसंल जावई. पोरगं न्हाई दिसणार." मी गिअर बदलत राहिलो.

आता राहिली होती फक्त आमची ओवी, म्हणजे माझीच लेक. बाकी सगळ्या पोरांची ती पहिली ओढ मामांनी बघून झाली होती. पण ओवीची जीभ टाळूला लागेल तर शपथ. ही गाणी म्हणणार, अर्धी कणीक कुत्र्याला घालणार. मासे कशाला फिरकतात? इकडे मामांचं मधलं धुरकट होत चाललेलं. मी सुचवलं, "मामा, मी बाजूनं हळूच दोरा ओढतो. तिला काय कळतंय?" मामा एवढे माझ्यावर कधी रागावले नव्हते. "लबाडीची वढ दिली, तर तोंडबी लबाडाचंच व्हणार," म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळी झाल्यावरचा एक रविवार. खाणीवर धुकं उतरलं होतं, पलीकडच्या कंपन्या नुसत्या आवाजापुरत्या उरल्या होत्या. ओवी अर्धवट झोपेत, म्हणून कधी नव्हे ती गप्प. आणि तिची तरंगी हलली, थांबली, आणि सरळ खाली गेली. पोरांनी बघितलं, पण मामांच्या शिस्तीतली पोरं, एकानंही आवाज केला नाही. मामा तिच्या समोरच बसले होते; पोरं एकदम चिडीचूप झाली, त्यावरूनच त्यांनी ओळखलं. ते मान इकडे वळवून बघायला लागले, मग तिकडे वळवून. डोळ्याच्या कडेनं तरी ओवीचं तोंड सापडावं म्हणून म्हातारा मान फिरवत होता, आणि ते सापडत नव्हतं.

मग मामांनी दोन्ही हात पुढे केले आणि कणीक लागलेली बोटं ओवीच्या तोंडावरून हळूहळू फिरवली. वर गेलेल्या भुवया, ताणलेले गाल, उघडं राहिलेलं तोंड. एरवी कुणी गालाला हात लावला तर किंचाळणारी ही पोरगी, हूं की चूं न करता बसून राहिली.

दोरा सैल पडला.

"गेला," ओवी पुटपुटली.

"जाऊ दे," मामा म्हणाले. त्यांचे हात तिथेच होते. "तू अजून जरा अशीच ऱ्हा."