आमच्या वायरमनला लायसन नाही

माझ्या धाकट्या दिरांना गावात सगळे वायरमन म्हणतात. लायसन मात्र त्यांच्याकडे नाही. वाशीमच्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या हाताखाली काही वर्षं काढली, तेवढंच त्यांचं शिक्षण. मेडशीच्या अलीकडे आमचं गाव. इथे पंखा बंद पडो, मोटर जळो, नाहीतर लग्नाच्या मांडवाला लायटिंग करायची असो, हाक आमच्याच दारात येते. मी त्यांना चिडवायची, "भाऊजी, तुमी नुसतं पाह्यलं तरी बल्ब लागते म्हनतात!" ते लाजायचे. गेल्या उन्हाळ्यापासून मी असलं काही म्हणत नाही.

होळी झाली की आमच्याकडे घरोघरी पत्र्याचे कूलर बाहेर निघतात. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पाण्याचा पंप बसवायचा, मग कुठे उन्हाळा निघतो. शेजारच्या घरी भाऊजींनी सकाळी पंप बसवला. दुपारी त्या घरची सून बादलीने पाणी टाकायला गेली ती कूलरलाच चिकटली. सासूने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पोरगी वाचली. पण तिच्या उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. तिला पोळी लाटता येत नाही.

तिला दवाखान्यात पाहून आले तेव्हा माझं डोकं तडकलं होतं. जेवताना नवऱ्याला म्हणाले, "लायसन पायजेच! न्हाव्यापासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यायले पायजे. आधी परीक्षा द्या, मंग लोकाच्या घरात हात घाला."

"मंग त्यानं उद्यापासून काय करावं?" नवऱ्याने विचारलं. मी भाजीत मीठ कमी पडल्याचं बोलले.

सकाळी उठले तर मत फिरलेलं. आमच्या घराला मीटर घेतलं तेव्हा लायसनवाल्याची सही लागली होती. त्या माणसाने आमचा उंबरासुद्धा पाहिला नाही. वायरिंग केली भाऊजींनी, सही ठोकली त्याने. आणि लायसन तर माझ्या नवऱ्याकडेही आहे, गाडीचं. ते खिशात असतानाच त्याने भर दिवसा उभ्या म्हशीला धडक दिली होती. मग ते लायसन नेमकं कशाचं? पण पोरीची बोटं आठवली की पुन्हा वाटे, काहीतरी पाहिजेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

अशात ग्रामसभेत विषय निघाला, की लायसन नसलेल्या माणसाने गावात विजेचं काम करू नये. बचत गटाची म्हणून मला विचारलं, "ताई, तुमचं काय म्हननं?" मी उभी राहिले. पुढे त्या पोरीचे सासरे, शेजारचे काका, बसलेले, मागे खांबाजवळ भाऊजी. "मले समजून नाही राह्यलं," म्हणाले आणि बसले. लोक हसले. हसण्यासारखं काय होतं? खरं तेच बोलले होते.

मग भाऊजी उठले. "मले लायसन नाही. ज्याच्यापाशी आहे त्याले बोलवा," एवढंच बोलून निघून गेले. ठराव तसाच राहिला. अर्ध्या गावाचे कूलर अजून लागायचे होते, आणि एका पंपासाठी वाशीमहून कोण येणार होतं?

संध्याकाळी भाऊजी आमच्या परसात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत होते. कोळसा आणि मीठ भरून त्यात त्यांनी लोखंडी पाइप गाडलाय. पत्र्यात उतरलेला करंट माणसाच्या अंगातून न जाता तिथून मातीत जातो. उन्हाळ्यात तो खड्डा ओला ठेवावा लागतो. त्यांना पाहता पाहता माझ्या डोक्यात आलं.

"भाऊजी, हे त्यायच्या घरी काहून नाही केलं?"

"सांगतलं होतं, वयनी. काका म्हने अंगन खोदू नको. मांगच्या साली चालला ना, म्हने."

"मंग पंप काहून बसवला?"

ते पाणी टाकत राहिले. म्हणाले, "लायसनवाला नाही म्हनते त लोक आयकतात. मी नाही म्हनलं त म्हनतात, पाह्य कसा भाव खाऊन राह्यला. मले नाही म्हनता आलं नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं! मला इतका राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. दोन्हीतलं मी काहीच केलं नाही.

पोरगी घरी आली. ऊन तर अंगाची लाही करत होतं. काकांनी भाऊजींना बोलावलं, पंप पुन्हा बसव म्हणून. भिंतीच्या अलीकडून मी ऐकत होते.

"आधी खड्डा, मंग पंप," भाऊजी म्हणाले.

"मोठा सायेब झाला! जाय, आमी पाहून घेतो."

भाऊजी परत आले. मला त्यांचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. लगेच चहा टाकला. चहा उकळेपर्यंत पलीकडून कूलरची घरघर सुरू झाली. काकांनी स्वतःच वायरी पिळून जोडल्या होत्या. आपल्याच घरात हात घालायला कोणी लायसन मागत नाही.

मी भिंतीवरून ओरडले, "बटन बंद करून पानी टाक वं बाई!"

"बंदच करतो काकू," पोरीचा आवाज आला. घरघर थांबली, पाणी ओतल्याचा आवाज झाला, घरघर पुन्हा सुरू झाली.

भाऊजी भिंतीला लागून उभे होते. कूलर थांबला की त्यांची मान वर व्हायची, सुरू झाला की ते श्वास सोडायचे. चहा निवून गेला.