अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गिरणीतला संगणक अर्थिंगमुळं बंद पडत नव्हता. माझ्यामुळं पडत होता.

ऐंशीच्या दशकाचा शेवट, दुष्काळ. भूमच्या बाजूला टँकर आला की भांडणं लागायची. संगणक बनवणाऱ्या कंपनीनं मला तिथल्या एका सहकारी सूतगिरणीत बसवलं होतं. संगणक क्वचित कधीतरी गोठायचा. कारण शोधायला मी त्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, माग ठेवणारा कोड घातला. कुठलं फंक्शन कधी चाललं याची नोंद करणारा. तेव्हापासून तो रोजच गोठायला लागला.

मी म्हणालो, "अर्थिंग कोरडं पडलंय."

अर्थिंगच्या, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणाऱ्या, खड्ड्यात मीठ-कोळसा असतो. तो ओला राहावा म्हणून वायरमननं रोज पाणी ओतायचं. आमचा वायरमन नोकरीत कायम व्हायच्या बेतात होता. चेअरमननी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"पाणी कुठं गेलं रं? तुमच्या वस्तीत वाटलंस व्हय?"

"न्हाय साहेब. गिरणीचं पाणी बंद झाल्यापास्नं म्या घरची घागर आणून वततोय. हात घालून बघा, वलं हाय."

"आता तुझ्या चिखलात हात घालू व्हय मी?"

सगळे हसले. मीही. वस्ती म्हणजे बौद्धवाडा, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. खड्डा खिडकीतून दिसत होता, तरी एकानंही जाऊन पाहिलं नाही. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याला काढलं. मग चार दिवसांत मला चूक सापडली. नोंदींची जागा भरली की माझा कोड घड्याळाच्या फंक्शनला वेळ विचारायचा. त्या फंक्शनमध्येही मीच माग घालून ठेवला होता. ते नोंद करायला परत माझ्याच कोडकडं यायचं, तो परत वेळ विचारायचा. एकमेकांना बोलावता बोलावता स्टॅक, म्हणजे अर्धवट कामं लक्षात ठेवायची जागा, भरायचा आणि सगळं ठप्प.

घड्याळातला माग मी गुपचूप काढला.

"नव्या वायरमनचा हातगुण बघा," चेअरमन म्हणाले. मी मान डोलावली. आधीचं क्वचितचं गोठणं तसंच राहिलं, पण त्यावरून नव्याला कुणी एका शब्दानंही विचारलं नाही.

पुढं कित्येक वर्षं मी चेअरमनच्या नावानं, सहकाराच्या नावानं बोटं मोडली. फुकटचा राग! तिथं एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्या तोंडात होतं.

त्या काढलेल्या वायरमनचं गाव मला माहीत आहे. त्याच्या दारात जाऊन, वस्तीसमोर, खड्डा ओला होता आणि चूक माझी होती, एवढं सांगणं मी त्याला देणं लागतो. अजून गेलेलो नाही.